तपकिरी लिफाफ्याची नोंद

"मूठ कसली होती?" मी विचारलं.

"लाकडी," आजोबा म्हणाले. "म्हणजे, लाकडीच असावी."

"रंग?"

"काळा. सगळ्यांच्या काळ्याच असतात ना."

"खूण काही?"

त्यांनी जरा विचार केला. "आतली एक काडी तारेने बांधलीय. माझ्या मुलाने बांधली होती. वाकडी बांधलीय."

मी मागच्या फडताळातून तारेने बांधलेली छत्री घेऊन आलो. आजोबांनी ती उघडली, तारेची वाकडी गाठ बोटाने चाचपली आणि म्हणाले, "हीच."

बस स्टँडवरच्या या 'हरवले-सापडले' खिडकीत बसून मला एकोणीस वर्षं झाली. वस्तू हातात पडली की माणूस आधी आभार मानत नाही. आधी म्हणतो, "हीच." किंवा "हाच." आभार नंतर, आणि तेही बरेचजण विसरतात. विसरण्याबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही, त्यावरच माझं घर चालतं.

आजोबांनी नोंदवहीत सही केली आणि बाजूला झाले. रांगेत त्यांच्या मागे माझी मुलगी उभी होती.

"अगं, रांगेत कशाला? आत ये ना."

"नाही बाबा. मला अर्ज द्यायचाय." तिने भरलेला कागद खिडकीतून आत सरकवला.

वस्तू: तपकिरी लिफाफा. आत काय आहे: चार पानी फॉर्म. खूण: डाव्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग. कधी हरवली: बहुतेक मंगळवारी. कुठे हरवली: सात नंबरची बस, किंवा शाळा, किंवा घर, किंवा मला माहीत नाही.

"ठिकाण एकच लिहायचं असतं," मी म्हणालो.

"एकच माहीत असतं तर हरवला असता का?"

मागचे दोघे-तिघे हसले. मी उठलो, मागे फडताळांमध्ये जाऊन उभा राहिलो. तिथे छत्र्या आहेत, डबे आहेत, स्वेटर आहेत, एक कुबडी आहे. कुबडी विसरून माणूस घरी चालत कसा गेला, याचा मी अकरा वर्षं विचार करतोय. त्या कुबडीकडे बघत मी मनात वीस आकडे मोजले आणि परत आलो.

"नाही आला."

"नीट पाहिलंत?"

"नीट पाहिलं."

"बरं. नोंदवून ठेवा मग." मी तिला पावती फाडून दिली. नंबर दोनशे बारा. तिने ती दप्तरात टाकली आणि सात नंबरची बस पकडायला पळाली.

तो लिफाफा माझ्या उजव्या गुडघ्याशी, ड्रॉवरमध्ये, शिक्क्याच्या पॅडखाली होता. तेवीस दिवस तिथेच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्या म्हणीतल्या माणसाला निदान कळसा काखेत आहे हे ठाऊक नसतं.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. चार वर्षांची असताना ती एका जागी ठरत नसे. जेवताना एक घास टेबलाशी, दुसरा खिडकीशी, तिसरा दाराबाहेर. मोठी होईल तशी शांत होईल, असं सगळे सांगायचे. चौदाव्या वर्षी शरीर शांत झालंही, भिंगरी आत गेली. पुस्तक उघडून बसायची आणि अर्ध्या तासाने पाहावं तर तेच पान. तीच पोरगी शहरातल्या सगळ्या बसमार्गांचा नकाशा न बघता काढते, थांब्यांसकट, आणि तो काढताना चार तास हाक ऐकू येत नाही तिला. यावरून मी निष्कर्ष काढला होता की हिला लक्ष देता येतं, द्यायचं नसतं.

हरवायच्या बाबतीत तिने बापाच्या नोकरीची लाज राखली नाही. तीन कंपासपेट्या, दोन स्वेटर, एक चप्पल. एक. दुसरी पायात घालून आली. शाळेत सहामाहीला गणिताच्या पेपरचं शेवटचं पान तिने उलटलंच नाही. बावीस गुण त्या पानावर होते आणि त्यातलं सगळं तिला येत होतं. वर्गशिक्षिकांनी लिहून पाठवलं, हुशार आहे पण निष्काळजी. पुढच्या परीक्षेत असंच झालं तर त्याच वर्गात ठेवावं लागेल, हेही लिहिलं. मी म्हणालो, एक वर्ष गेलं की येईल अक्कल.

बायकोला ते पटलं नाही. ती घरी शिवणकाम करते. कापड बिघडलं की आधी मशीन तपासायचं, मग हाताला दोष द्यायचा, अशी तिची रीत. तिने पोरीला मुलांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तासभर बोलून सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात, हा आळस नाही, मेंदूची घडणच जरा वेगळी असते, आणि यावर उपाय आहेत.

"नाव काय, कशालाही देतील," मी म्हणालो होतो. "पावसाच्या दिवसांत माझ्याकडे रोज तीस छत्र्या येतात. त्या तीस जणांना गोळ्या द्यायच्या का?"

हे वाक्य मला इतकं आवडलं की ऑफिसातही मी ते दोनदा ऐकवलं.

पण डॉक्टर नुसत्या बोलण्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तीन फॉर्म दिले. एक आईने भरायचा, एक वर्गशिक्षिकांनी, एक वडिलांनी. मूल एकाच ठिकाणी असं वागतं की सगळीकडे, हे बघूनच त्या पुढचं ठरवणार होत्या. आईने त्याच संध्याकाळी भरला. शिक्षिकांनी दोन दिवसांत दिला. माझा फॉर्म घेऊन भिंगरी मंगळवारी शाळेतून थेट खिडकीवर आली, कारण त्या आठवड्यात मला घरी यायला उशीर होत होता. तिच्या ते लक्षात राहिलं होतं. खिडकीपुढे गर्दी होती. मी लिफाफा घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

जेवणाच्या सुट्टीत उघडून बघितला. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. 'समोरून बोलले तरी ऐकत नाही असे वाटते का?' नेहमी. 'सुरू केलेले काम अर्धवट सोडते का?' नेहमी. मी पेन्सिलीने हलक्या खुणा करत गेलो आणि नऊ प्रश्नांपर्यंत सगळ्या खुणा शेवटच्या चौकोनात पडल्या.

माझं कामच वस्तूला चिठ्ठी बांधायचं आहे. मूठ तुटलेली, चेन बिघडलेली, एक बाही फाटलेली. लिहिताना माझा हात कधी अडखळत नाही. पण आपल्याच पोरीला आपल्याच हाताने तशी चिठ्ठी बांधायची, हे मला जमेना. शिवाय काही प्रश्न वाचताना ते फक्त तिच्याबद्दल आहेत असं वाटेना, आणि ते तर मला अजिबातच नको होतं. मी लिफाफा पुन्हा पॅडखाली सारला.

आठवड्याने संध्याकाळी बायकोने मशीन चालवता चालवता विचारलं, "अहो, फॉर्म भरलात का?"

"कसला?"

"भिंगरीने दिला ना तुम्हाला."

"मी दिलाय," भिंगरी म्हणाली. "मंगळवारी. खिडकीवर."

"मला नाही आठवत," मी म्हणालो.

धडधडीत खोटं. का बोललो याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली, बरीचशी सापडलीही, पण एकही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मला वाटलं होतं पोरगी भांडेल. भांडली असती तर मी दोन मिनिटांत कबूल झालो असतो, आठवल्यासारखं केलं असतं. ती भांडली नाही. तिचा चेहरा आधी गोंधळला आणि मग हळूहळू विझला.

"मग दिला नसेल," ती म्हणाली. "माझं होतं असं. करायचं ठरवते ना, मग केल्यासारखंच वाटतं. मला तर तुमचा हात पण दिसतोय लिफाफा घेताना. म्हणजे ते पण मीच मनाने बनवलं असेल."

"कमाल आहे बाई तुझी," तिची आई म्हणाली. "एक कागद. चार पावलं जाऊन द्यायचा."

मी मूग गिळून बसलो. या घरात काही हरवलं की सगळ्यांच्या नजरा आपोआप एकीकडे वळतात, त्या वळल्या. त्यात तिची स्वतःचीही होती. तिने कपाट उपसलं, दप्तर उलटं केलं, पलंगाखाली शिरली. मागच्या वर्षी हरवलेला एक स्वेटर निघाला. तो अंगाशी धरून ती जमिनीवर पसाऱ्यात बसली, जरा वेळ खूश झाली आणि पुन्हा शोधायला लागली. असं तीन दिवस चाललं.

एक दिवसाचं खोटं गंमत म्हणून मोडता येतं. दहा दिवसांचं मोडायला धीर लागतो, आणि माझ्याकडे तो रोज एक दिवसाने कमी होत गेला. एकदा मनात आलं की लिफाफ्याला चिठ्ठी बांधावी, 'सात नंबरच्या कंडक्टरने आणून दिला' अशी, आणि मोकळं व्हावं. चिठ्ठी लिहिलीसुद्धा. मग फाडली, कारण माझ्या नोंदवहीत आजवर एकही खोटी नोंद नाही. एवढा मी प्रामाणिक माणूस. वहीशी खोटं बोलवेना, मुलीशी बोललो.

ती रांगेत उभी राहून अर्ज देऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ होती. "यावेळी तुम्ही यायचं," बायकोने सांगितलं होतं. "फॉर्म तिथेच दुसरा देतील. समोर बसून भरा." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निघताना लिफाफा शर्टाच्या आत खोचला. त्याचं काय करणार हे तेव्हाही ठरलं नव्हतं.

डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांना सोडून आधी पोरीलाच विचारलं, "कसं चाललंय?"

"बाबांचा फॉर्म हरवला माझ्याकडून," भिंगरी म्हणाली. "अर्ज दिलाय तसा."

"असू दे. दुसरा आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शाळेत असताना कसे होता?"

"मी? माझं काही हरवत नाही. एकोणीस वर्षं लोकांच्या वस्तू सांभाळतोय."

भिंगरी खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी. "बाबांचं कसं हरवेल? सगळं दोरीने बांधलेलं असतं. किल्ली कमरेला, चष्मा गळ्यात, पेन टेबलाला. घड्याळाला पट्टा आहे तरी वरून दोरी."

"आणि घरातून निघताना दारात उभं राहून पाच गोष्टी मोजतात," बायकोने पुस्ती जोडली. "बोटांवर. मध्ये कुणी बोललं तर परत पहिल्यापासून. एकदा मी तीन वेळा बोलले, मुद्दाम. त्यांची बस गेली."

डॉक्टर हसल्या. "दोरी कधीपासून बांधता?"

"नववीपासून," माझ्या तोंडून गेलं. मग थांबता आलं नाही. "मास्तर वर्गाबाहेर उभं करायचे. वही विसरली, पेन विसरलं, धडा विसरला. व्हरांड्यातल्या फरशा पाठ झाल्या होत्या माझ्या. घरी वडील मारायचे. मग मी दोरी बांधायला लागलो. शिक्षण तेवढ्यावरच राहिलं."

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खाण तशी माती." रागाने नाही म्हणाली.

"तुमचं छत्र्यांचं वाक्य मी ऐकलंय," डॉक्टर म्हणाल्या. मी बायकोकडे बघितलं. ती भिंतीवरचा तक्ता वाचत होती. "बरोबर आहे तुमचं, विसरतात सगळेच. त्या तीस जणांना छत्रीची चुटपुट एक दिवस लागते. हिला तेच सकाळपासून रात्रीपर्यंत, प्रत्येक गोष्टीत, रोज. आणि दर वेळी कुणीतरी सांगतं की तू मुद्दाम करतेस. असं वर्षानुवर्षं झालं की मूल स्वतःवर विश्वास ठेवायचं सोडून देतं. गोळीने लक्ष टिकायला मदत होईल. शाळेत, घरी काही गोष्टी बदलल्या की कामं सोपी होतील. पण तो विश्वास गोळीने येत नाही. तो घरातल्यांनी परत द्यावा लागतो."

त्यांनी नवा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी पेन घेतलं. नऊ प्रश्न भरभर झाले, खुणा मला पाठच होत्या. दहावा प्रश्न होता, 'गरजेच्या वस्तू हरवते का?'

भिंगरी माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होती. "नेहमी लिहा बाबा," ती मदत केल्यासारखं म्हणाली. "त्यात लिफाफा पण धरा."

मी पेन खाली ठेवलं. शर्टाच्या आतून लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला. डावा कोपरा, निळा डाग.

"तो धरू नको," मी म्हणालो. "तो तू हरवला नाहीस. मंगळवारी खिडकीवर आणून दिलास. मी घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. मला भरायचा नव्हता म्हणून तुझ्यावर ढकललं."

बायकोला पुष्कळ बोलायचं होतं, ते ती घरी गेल्यावर तीन दिवस पुरवून पुरवून बोलली. भिंगरी माझ्याकडे बघतच नव्हती. ती लिफाफ्याकडे बघत होती.

"म्हणजे मी दिला होता."

"हो."

"तुम्ही डाव्या हाताने घेतला."

"डाव्या. उजव्यात शिक्का होता."

"शिक्का होता," ती म्हणाली. "हो. शिक्का होता." आणि तोंड ओंजळीत धरून रडायला लागली. मला वाटलं माझ्यामुळे. तिने डोळे पुसले आणि डॉक्टरांना म्हणाली, "मला बरोबर आठवत होतं."

एवढी वर्षं मी माणसांना त्यांच्या वस्तू परत देतोय, पण वस्तू मिळाल्यावर असा चेहरा झालेला मी पाहिला नव्हता. आणि ही तर मीच उचललेली. मला त्या खोलीत माझी फार लाज वाटली. मी मान खाली घालून उरलेले प्रश्न भरले, या वेळी शाईने. भरलेला फॉर्म आणि लिफाफ्यातला जुना, दोन्ही डॉक्टरांनी फाइलला लावले. रिकामा लिफाफा मी घेऊन आलो.

त्यानंतर रोज सकाळी खाणं झाल्यावर एक गोळी सुरू झाली. पहिले दोन आठवडे तिची भूक गेली, डबा तसाच परत यायचा. डॉक्टरांनी मात्रा बदलली, वजन आणि रक्तदाब बघितला, झोपेची चौकशी केली. वर्गशिक्षिकांना चिठ्ठी दिली. त्यांनी तिला पुढच्या बाकावर घेतलं, परीक्षेत थोडा जास्त वेळ द्यायचं कबूल केलं आणि पेपर देण्याआधी प्रत्येक पानावर बोट ठेवून बघायची सवय लावली. आम्हा दोघांनाही दोनदा बोलावलं, मुलांशी कसं बोलायचं ते शिकवायला. मी एका दमात पाच कामं सांगत असे. आता एक सांगतो, ते झालं की दुसरं. दाराशी खुंट्या ठोकल्या, किल्लीची एक, दप्तराची एक. चाचणीत तिने शेवटचं पान उलटलं.

मी एकदा विचारलं, गोळीने नक्की काय होतं. ती म्हणाली, "आधी बाई बोलायच्या ना, तेव्हा बाहेरची बस पण तेवढ्याच मोठ्याने बोलायची. आता बस हळू बोलते."

सगळं सुतासारखं सरळ झालं, असं नाही. चौथी कंपासपेटी गेली. इतिहासाचं पान अजून अर्ध्या तासात एकच होतं. आणि माझ्याशी ती विचारलं तेवढंच बोलायची. भांडली नाही, रुसली नाही, पण शाळेतून आलेला कुठलाही कागद आता ती आईकडे द्यायची. मी समोर बसलेलो असलो तरी मला वळसा घालून मशीनपाशी जायची. आईला म्हणायची, "दिला हं मी. बघ, दिला." हे ऐकताना मला ड्रॉवर आठवायचा. पण तिला बोलणार कोणत्या तोंडाने?

महिनाअखेर आली. आमच्याकडे महिनाअखेरीला उघडे अर्ज निकाली काढायचे असतात. दोनशे बारा उघडाच होता. लिफाफा मी रीतसर चिठ्ठी बांधून फडताळात ठेवला होता, पण पुढची नोंद केली नव्हती. दुपारी मान वर केली तर भिंगरी रांगेत. तिच्या पुढे तिघे होते. मी या वेळी आत बोलावलं नाही. तिघांची कामं केली.

"माझा अर्ज होता," ती म्हणाली. "दोनशे बारा."

"पावती आहे?"

नियम आहे, विचारावंच लागतं. तिने नवी कंपासपेटी उघडली. पावती चार घड्या करून कर्कटकाखाली ठेवलेली होती. महिनाभर जपलेली.

मी फडताळातून लिफाफा आणून तिच्यापुढे ठेवला. तिने कोपऱ्यावरच्या निळ्या डागावर बोट फिरवलं.

"हाच," ती म्हणाली.

मी नोंदवही उघडली. तारीख लिहिली, वस्तू लिहिली. तिसरा रकाना, कुठे सापडली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासनीस साहेब येतात आणि ही वही ओळीवर बोट ठेवून वाचतात. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्या वहीत एकदाही लाल खूण केलेली नाही. ऑफिसात नव्या माणसांना ही वही नमुना म्हणून दाखवतात.

"लिहा ना," भिंगरी म्हणाली.

मी लिहिलं, 'कक्षातील कर्मचाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये.' ती उलट्या बाजूने वाचत होती.

"आणि हरवली नव्हती, ते कुठे लिहिणार?"

"त्याला रकाना नाही."

"शेरा आहे की शेवटी."

शेऱ्यात मी लिहिलं, 'वस्तू हरवली नव्हती. मुलीने वेळेवर आणून दिली होती. चूक कर्मचाऱ्याची.' खाली माझी सही केली आणि वही फिरवून तिच्याकडे दिली. तिने ओळींखाली बोट ठेवून दोनदा वाचलं, कुठेही न अडकता. मग दोरीने बांधलेलं पेन ओढून घेऊन सही केली. सही तिच्या आईसारखी, तिरकी.

"नंतर खोडू नका हं."

"शाईने लिहिलंय."

"साहेब विचारतील."

"विचारू दे. सांगेन त्यांना."

काम झालं होतं. तिच्या मागे चार माणसं उभी होती, पहिल्याच्या हातात डब्याचं नुसतं झाकण होतं. पण ती हलेना. पेनाची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत उभी राहिली.

"बाबा, ही दोरी आहे का अजून तुमच्याकडे?"

"कशाला?"

"किल्लीला."

मी चिठ्ठ्या बांधायच्या दोरीचं रीळ काढलं. "कमरेला की दप्तराला?"

"दप्तराला."

मी हातभर मोजून दोरी कापली. तिच्याकडून घराची किल्ली घेतली, दोन वेढे दिले, मधून टोक काढलं आणि आवळलं. ही गाठ सुटत नाही. नववीत व्हरांड्यात उभा असताना मी ती शोधून काढली होती, एका बुटाच्या नाडीवर.

तिने गाठ उलटसुलट करून बघितली, मग सोडवली.

"थांबा, मी मारते."

पहिल्यांदा चुकली. मी हात पुढे केला नाही. दुसऱ्यांदा तिने जीभ दातांत धरून हळूहळू दोन वेढे घेतले, टोक काढलं, ओढून बघितलं. रांगेतली माणसं थांबली होती. झाकणवाला गृहस्थ गाठीकडे नीट लक्ष देऊन बघत होता.